आखाजीच्या दिवशी पंचवीस अंश

जळगाव जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत एक औषध कारखाना आहे. त्याच्या तयार मालाच्या गोदामात १० मे २०२४ रोजी सकाळी दहाला २४.६, दुपारी दोनला २४.८ आणि संध्याकाळी सहाला पुन्हा २४.६ अंश सेल्सिअस तापमान होतं. तशी रजिस्टरमध्ये नोंद आहे. नोंदीसमोर स्टोअरच्या पोराची सही आहे, ‘तपासले’च्या रकान्यात केमिस्टची आहे.

१० मे २०२४ ला अक्षय्य तृतीया होती. खानदेशात आखाजीला कारखाना चालू ठेवून दाखवा. लेकी माहेरी आलेल्या असतात, झाडांना झोके बांधलेले असतात, घागर भरायची असते, पुरणपोळी आणि आमरस असतो. हजेरीपट मागवला तेव्हा कळलं, शुक्रवार ते रविवार तीन दिवस गोदामाला कुलूप होतं आणि किल्ली वॉचमनकडे होती. सही करणारा पोरगा यावल तालुक्यातल्या आपल्या गावी होता. नऊ वेळांच्या नऊ नोंदी मात्र रजिस्टरमध्ये जागच्या जागी.

हे प्रकरण त्या नऊ नोंदींपासून सुरू झालं असं सांगायला बरं वाटतं, पण तसं झालं नाही. त्या आम्हाला पार शेवटी सापडल्या. कंपनीचं नाव आणि माणसांची नावं मी देणार नाही. माझं काम सल्लागाराचं. फार्मसी शिरपूरला शिकलो, बोईसर आणि अंकलेश्वरला नोकऱ्या केल्या, चाळिशीत गावी परतलो. आता लहान कारखान्यांना नियमांत बसवून देतो आणि त्यावर घर चालतं.

कारखाना आणि त्याचे मालक

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, उलाढाल अडीचशे कोटींच्या कितीतरी खाली. मुख्य काम दुसऱ्यांसाठी माल बनवण्याचं, ज्याला धंद्यात ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. ब्रँड दुसऱ्याचा, लेबलवर ‘निर्माता’ म्हणून नाव यांचं. एक इमारत साध्या गोळ्यांची, आणि तिच्यापासून तोडून बांधलेली दुसरी इमारत पेनिसिलिन गटाची, कारण त्या गटाची धूळ इतर औषधांत जाऊ नये म्हणून कायदाच वेगळी जागा मागतो. या दुसऱ्या इमारतीत लहान मुलांसाठी अमॉक्सिसिलिन आणि पोटॅशियम क्लॅव्ह्युलनेटचं ड्राय सिरप बनतं. बाटलीत कोरडी पूड, घरी उकळून गार केलेलं पाणी घालून हलवायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सात दिवसांत संपवायचं.

मालकांना सगळे भाऊ म्हणतात. घराणं डाळ मिलवाल्यांचं, शिक्षण बी.फार्म., माणूस तोंडावर बोलणारा. पहिल्याच भेटीत मला म्हणाले, “सर, आपल्याकडं ती भानगडच नाही. डॉक्टरला आपण साधा पेनसुद्धा देत नाही.”

खरंच देत नव्हते, कारण त्यांना विकायचंच नव्हतं. आपल्याकडे औषध कंपनीची नीतिमत्ता म्हटलं की डॉक्टर, भेटवस्तू आणि परदेश सहल एवढंच डोळ्यांपुढे येतं. त्यासाठी १२ मार्च २०२४ ला केंद्रानं विपणनाची नवी आचारसंहिताही आणली. भेटवस्तू बंद, आठवण म्हणून द्यायची वस्तू फार तर हजार रुपयांची, परदेशातले मेळावे बंद, मोफत नमुन्यांवर वर्षाच्या देशांतर्गत विक्रीच्या दोन टक्क्यांची मर्यादा. त्याआधी २२ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की डॉक्टरांना दिलेल्या फुकट वस्तूंचा खर्च कंपनीला आयकरात वजा करून मिळणार नाही. भाऊंचा या सगळ्याशी संबंध नव्हता, त्यामुळे आपली पाटी कोरी आहे असं ते मनापासून मानत होते.

मला बोलावलं ते शेड्यूल एमसाठी. औषध निर्मितीच्या जागेचे, यंत्रांचे आणि नोंदींचे नियम या शेड्यूलमध्ये असतात. त्याची सुधारित आवृत्ती २८ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेनं आली. मोठ्यांना सहा महिने, अडीचशे कोटींपर्यंतच्या लहान-मध्यम कारखान्यांना वर्ष. (पुढे लहानांची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली, पण आम्ही बोलत होतो तेव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि सगळीकडे धावपळ होती.) २०२४ ची दिवाळी उरकली आणि मी उणिवांची यादी करायला कारखान्यात गेलो.

मॅक्सचं बटण

तयार मालाचं गोदाम वरच्या मजल्यावर, वर पत्र्याचं छप्पर, खाली थर्माकोलची फॉल्स सीलिंग. तीन स्प्लिट एसी. दाराजवळ, एका एसीच्या तोंडाशी, तळहाताएवढं डिजिटल तापमान-आर्द्रता यंत्र खिळ्याला टांगलेलं. त्याच्याखाली दोरीनं बांधलेलं रजिस्टर.

रजिस्टर इतकं स्वच्छ होतं की मला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं. जानेवारीत २४.६, मेमध्ये २४.६, श्रावणात २४.८. वर्षभरात एकही आकडा पंचवीसच्या वर नाही, आणि दशांश चिन्हापुढचा आकडा कायम सम. यंत्र तर एक दशांशाच्या फरकानं दाखवत होतं. मग २४.७ कधीच का नाही? माणूस मनातून आकडे काढायला लागला की त्याचे आवडते आकडे ठरतात. हे मी वीस वर्षं पाहतोय, लहान कारखान्यात आणि फार मोठ्या कारखान्यातही.

त्या यंत्राला एक बटण असतं, मॅक्स-मिन. मागच्या वेळी पुसलं तेव्हापासूनचा सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकडा ते लक्षात ठेवतं. रोज सकाळी नोंद करून ते पुसायचं असतं. मी दाबलं. पडद्यावर आलं: ३८.७.

माझ्याशेजारी क्वालिटी अ‍ॅश्युरन्सच्या मॅडम उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. स्टोअरचा पोरगा मात्र लगेच म्हणाला, “सर, ते कोणीतरी उन्हात ठेवलं असेल.” असेलही. यंत्र तारीख सांगत नाही. मी यादीत ‘गोदामाच्या तापमान नोंदी विश्वासार्ह नाहीत, नव्यानं मॅपिंग (जागोजागी तापमान मोजणं) करावं’ असं एक वाक्य लिहिलं आणि पुढच्या खोलीत गेलो. त्या दिवशी तिथेच थांबायला हवं होतं, हे मी कबूल करतो. यादीत एकसष्ट मुद्दे होते, हा त्यातला एक झाला.

नंदुरबारहून आलेला कागद

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एफडीएकडून, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडून, पाकीट आलं. सप्टेंबरात ड्रग इन्स्पेक्टरनं नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्याच्या बाजूच्या एका मेडिकल स्टोअरमधून याच ड्राय सिरपचा नमुना घेतला होता. शासकीय विश्लेषकाचा फॉर्म १३ मधला अहवाल सोबत होता. अमॉक्सिसिलिन ठीक, क्लॅव्ह्युलनेट मर्यादेखाली. माल अप्रमाणित, म्हणजे एनएसक्यू.

ज्यांना औषधाचं कळत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. काही जंतू असा पदार्थ सोडतात जो अमॉक्सिसिलिनला तोडून टाकतो. क्लॅव्ह्युलनेट त्या पदार्थाला गुंतवून ठेवतं आणि अमॉक्सिसिलिनला काम करू देतं. ते कमी पडलं की पोराचा ताप दोन दिवस उतरल्यासारखा वाटतो आणि परत चढतो. आई पुन्हा दवाखान्यात येते, डॉक्टर आणखी जोरकस औषध लिहितो. कुणालाच संशय येत नाही की बाटलीत खोट होती. आणि हे क्लॅव्ह्युलनेट म्हणजे ओलाव्याला आणि उष्णतेला अतिशय नाजूक. लेबलवर ‘२५ अंशांखाली, कोरड्या जागी ठेवा’ असतं ते उगाच नाही.

भाऊंचं पहिलं वाक्य होतं, “विष तर नाही ना निघालं?” त्यांच्या पिढीच्या डोक्यात १९८६ चं जे. जे. रुग्णालय घर करून आहे. ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, चौदा रुग्ण गेले, लेंटिन आयोग बसला, आरोग्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. त्या मापानं मोजलं तर कमी भरलेलं क्लॅव्ह्युलनेट म्हणजे काहीच नाही. विषाची बातमी होते, मोजता येतात अशी माणसं जातात. अर्ध्या ताकदीच्या औषधानं किती पोरं जास्त दिवस तापली हे मोजणारं कुणी नसतं, म्हणून तो गुन्हा लहान वाटतो.

आता कायद्याचं. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. त्याच्या कलम २५ नुसार अहवाल हाती पडल्यापासून २८ दिवसांत ‘आम्हाला हा अहवाल मान्य नाही, विरोधात पुरावा द्यायचा आहे’ असं लेखी कळवलं नाही तर अहवालातली तथ्यं अंतिम पुरावा ठरतात. कळवलं, तर न्यायालय नमुन्याचा दुसरा भाग कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेकडे पाठवू शकतं. अप्रमाणित मालासाठी कलम २७-ड, किमान एक वर्ष आणि कमाल दोन वर्षं कैद, वीस हजारांपासून पुढे दंड. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानंतर या कलमात तडजोडीची वाट उघडली आहे. कलम ३४ कंपनीसोबत कारभार पाहणाऱ्यालाही आरोपी करतं, म्हणजे भाऊ, आणि कदाचित परवान्यावर नाव असलेली तांत्रिक माणसं. त्यांना सुटायचं असेल तर ‘मला माहीत नव्हतं’ किंवा ‘मी पुरेपूर काळजी घेतली होती’ हे त्यांनीच सिद्ध करायचं.

आणि एक कलम १९, ज्यावर हे सगळं प्रकरण येऊन टेकलं. दुकानदारानं परवानाधारकाकडून बिलानं माल घेतला, दोष त्याला कळण्यासारखा नव्हता, आणि त्याच्या ताब्यात असताना माल नीट ठेवला होता, एवढं त्यानं दाखवलं तर तो सुटतो. माल नीट ठेवला होता की नाही, यावर त्याची सुटका. तो सुटला की बोट वर सरकतं, स्टॉकिस्टकडे म्हणजे घाऊक विक्रेत्याकडे, तिथून कारखान्याकडे.

वकिलांचा पहिला सल्ला

वकील अनुभवी होते, औषधांचे खटले चालवलेले. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या, कंट्रोल सॅम्पल आणि गोदामाचं रजिस्टर.

प्रत्येक बॅचमधून थोड्या बाटल्या कारखान्यात राखून ठेवतात, ते कंट्रोल सॅम्पल. आमच्या प्रयोगशाळेत तपासलं, क्लॅव्ह्युलनेट मर्यादेत भरलं. भाऊंचा चेहरा खुलला. अहवाल आला की निर्मात्याचं ठरलेलं उत्तर असतं, ‘आमचं कंट्रोल सॅम्पल पास आहे’. मीही पूर्वी नोकरीत असताना अशी उत्तरं टाइप केली आहेत. यातली गोम अशी की कंट्रोल सॅम्पल प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत राहतं, जिथल्या एसीला जनरेटरची लाइन असते. बॅच बनली तेव्हा ठीक होती, एवढंच ते सांगतं. बॅच वरच्या मजल्यावर पत्र्याखाली दीड महिना काय सोसत होती याची त्याला गंधवार्ता नसते.

रजिस्टर पाहून वकील म्हणाले, “उत्तम. तुमच्याकडे पंचवीसच्या आत होतं. माल पुढे तापला. दुकानात किंवा वाटेत.”

इथं मी मॅक्सच्या बटणाचं सांगितलं. खोलीत थोडा वेळ पंख्याचाच आवाज.

डिझेलचं रजिस्टर

३८.७ कधीचं, हे शोधायला दोन दिवस लागले. सापडलं ते भलत्याच जागी. जनरेटरचं रजिस्टर इलेक्ट्रिशियन लिहितो. कधी चालू केला, कधी बंद, किती लिटर डिझेल. बोटांच्या काळ्या ठशांनी भरलेली वही, पानं फाटलेली, अक्षर वाचवत नाही, आणि आकडा न् आकडा खरा. कारण डिझेलवर पैशाचा डोळा असतो. तिथं चार लिटर इकडेतिकडे झाले तर भाऊ स्वतः विचारतात.

त्या वहीनुसार मे महिन्यात अकरा दिवस वीज दोन तासांहून जास्त गेली होती, एकदा तर दुपारी एक दहाला गेली ती पावणेसातला आली. गोदामाचे एसी जनरेटरवर नव्हतेच, तेवढी त्याची ताकद नव्हती. दुसरं, तिघांतल्या एका एसीचा कॉम्प्रेसर एप्रिलच्या शेवटी गेला होता. स्टोअरनं खरेदी विभागाला मागणी दिली होती, ती सात आठवडे पडून होती. काम चाळीस हजारांच्या आतलं. बाहेर तेव्हा पारा ४५ च्या आसपास. भारतीय औषधकोशात ४० अंशांच्या वरच्या तापमानाला ‘अति उष्णता’ असं नावच दिलेलं आहे, आणि आपल्याकडे ती अंगणात असते.

मग हजेरीपट काढला आणि आखाजीच्या नऊ नोंदी हाती लागल्या. त्या क्षणी मॅडम खुर्चीवर बसल्या. ‘तपासले’च्या सह्या करणारी केमिस्ट त्यांच्या हाताखालची होती, आणि ती दर शनिवारी आठवड्याच्या सह्या एकदम करायची हे त्यांना ठाऊक होतं.

पोराला बोलावलं. भाऊ तापलेले, एचआरनं तर निलंबनाचा कागद तयारच ठेवला होता. पोरगा आधी गप्प, मग त्याच्या तोंडून घरची अहिराणीच आली, “खरं लिखसू ते मालेच इचारतीन ना भाऊ!” खरं लिहीन तर मलाच विचारतील.

हे नुसतं बोलणं नव्हतं. २०२२ च्या मेमध्ये त्याच्या आधीच्या माणसानं रजिस्टरमध्ये २९.४ लिहिलं होतं. त्या पानाची झेरॉक्स मला त्या माणसाच्याच सेवापुस्तिकेत मिळाली, कारण त्याला त्याबद्दल मेमो दिला होता: ‘तापमान मर्यादेत राखण्यात हयगय’. राखणार कशानं, एसी त्याच्या बापाचा होता का! पुढच्याच महिन्यात तो सोडून गेला. नव्या पोराला पहिल्या दिवशी जुन्यांनी शिकवलं ते हेच, की इथं पंचवीसच्या वर जायचं नसतं. रजिस्टरच्या माथ्यावर ठळक छापलं होतं ‘मर्यादा: २५ अंशांपेक्षा जास्त नको’. आकडा मर्यादेबाहेर गेला तर काय करायचं, कुणाला फोन करायचा, यासाठी एकही रकाना नव्हता. कागदच असा छापला होता की त्यावर खरं लिहायला जागा नाही.

खोटं लिहायला भाऊंनी कधी सांगितलं नव्हतं. हे ते वारंवार बोलत राहिले, आणि ते खरंच होतं. मेमोवर सही मात्र त्यांची होती.

शेतातली बैठक

डिसेंबर म्हणजे भरिताचे दिवस. भाऊंच्या शेतात पऱ्हाट्यांवर वांगी भाजायला टाकलेली, कळण्याच्या पुऱ्या तळल्या जात होत्या, आणि आम्ही चौघं, म्हणजे भाऊ, वकील, मॅडम आणि मी, बाजूच्या बाजेवर. २८ पैकी सतरा दिवस गेले होते.

तीन वाटा होत्या. पहिली, रजिस्टर आणि कंट्रोल सॅम्पल घेऊन अहवालाला आव्हान द्यायचं. दुसरी, रजिस्टरचा उल्लेखच न करता फक्त कंट्रोल सॅम्पलवर लढायचं. तिसरी, झालं ते लिहून द्यायचं आणि त्या दीड महिन्यात त्या गोदामात पडून असलेल्या सगळ्या बॅचेस बाजारातून परत घ्यायच्या. अशा चार बॅचेस होत्या.

पहिल्या वाटेला वकिलांनीच काट मारली. “हे रजिस्टर खोटं आहे हे मला माहीत नसतं तर मी ते लावलं असतं. आता तुम्ही मला सांगून बसलात,” असं म्हणून त्यांनी पुढचं गणित मांडलं. अप्रमाणित औषधाला जास्तीत जास्त दोन वर्षं. न्यायालयीन कामात जाणूनबुजून खोटा पुरावा दिला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंत. कमी भरलेल्या सिरपपेक्षा सुंदर अक्षरातलं रजिस्टर जास्त महाग पडणार होतं. भाऊंनी हे दोनदा समजावून घेतलं.

दुसरी वाट जास्त मोहाची होती, आणि खरी चर्चा तिच्यावरच झाली. वकिलांच्या मते ती कायद्यात बसत होती. आरोपीनं स्वतःविरुद्ध पुरावा दिलाच पाहिजे असं कुठे आहे? मॅडमचा मुद्दा वेगळा होता, “मग इन्स्पेक्टर त्या मेडिकलवाल्याला विचारेल, तू माल कुठे ठेवला होतास.” यावर भाऊ म्हणाले, “त्याचं तो बघेल.”

मेडिकलवाला त्याच आठवड्यात येऊन गेला होता. एसटीनं, एकटा, रिसेप्शनवर दीड तास बसून. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत खरेदीचं बिल, दुकानाचा परवाना आणि मोबाइलमध्ये फ्रिजचे, कपाटाचे फोटो. त्याला वाटत होतं की कंपनी मोठी असते, तिनं एक पत्र दिलं की मिटेल. त्याच्या बिलाची प्रत मी ठेवून घेतली होती. ती बाजेवर पसरली. बिलाची तारीख ६ ऑगस्ट २०२४. माल कारखान्यातून जूनच्या मध्याला स्टॉकिस्टकडे गेलेला, तिथून पावसाळ्यात सातपुड्याकडे. त्या दुकानानं हा माल पाहिला तोच श्रावणाच्या तोंडाशी. उन्हाळा त्यानं पाहिलाच नव्हता.

भाऊंनी बिल हातात धरून बराच वेळ पाहिलं. वांगी भाजून झाल्याची हाक आली तरी उठले नाहीत. मग त्यांनी एक शेवटचा प्रयत्न केला, “सर, ते ४० अंशांवर सहा महिन्यांची टेस्ट असते ना, तिच्यात हे बसत नाही का?” ती वेगवर्धित स्थिरतेची चाचणी, ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता. मॅडमनी उत्तर दिलं, “भाऊ, आपलं सिरप त्या टेस्टमध्ये पहिल्या तीन महिन्यांतच खाली आलं होतं. म्हणून तर लेबलवर पंचवीस लिहिलं. तो निर्णय तुमच्याच सहीचा आहे.”

त्यांनी तिसरी वाट घेतली. त्यामागे किती सदसद्विवेक आणि किती कलम २२९ हे मला सांगता येणार नाही. पैसेही आले असतील हिशोबात, कारण ब्रँडवाल्या कंपनीला हे नंतर कळलं असतं तर सगळीच कामं गेली असती. माणसं एका कारणानं निर्णय घेत नाहीत.

पत्राचा मसुदा

मसुद्यावर आमचं भांडण झालं, आणि सल्लागार म्हणून या प्रकरणात माझा काही उपयोग झाला असेल तर तो इथं. पहिल्या मसुद्यात कारण लिहिलं होतं, ‘स्टोअर कर्मचाऱ्याची मानवी चूक’. या धंद्यात ‘मानवी चूक’ हा शब्द कोपऱ्यातल्या झाडूसारखा आहे, काहीही सांडलं की तो उचलायचा. मानवी चूक म्हणजे २४.६ ऐवजी २६.४ लिहिणं. बंद कुलपाच्या आत नऊ वेळा तापमान मोजणं याला चूक म्हणत नाहीत, आणि ते एकट्या पोराचं काम नव्हतं.

शेवटच्या पत्रात पाच गोष्टी गेल्या: नादुरुस्त एसी, सात आठवडे अडकलेली मागणी, जनरेटरची नसलेली लाइन, आठवड्याच्या एकदम केलेल्या सह्या, आणि २०२२ चा मेमो. मेमोचं वाक्य भाऊंनी दोनदा खोडलं आणि मॅडमनी दोनदा परत घातलं. मॅडमचं नाव परवान्यावर होतं, कलम ३४ ची टांगती तलवार त्यांच्यावरही होती. असल्या प्रसंगी तक्रारदाराला संरक्षण देणारी यंत्रणा कंपनी कायद्याच्या कलम १७७ मध्ये आहे, पण ती शेअर बाजारात नोंदलेल्या, लोकांच्या ठेवी घेणाऱ्या किंवा पन्नास कोटींहून जास्त बँककर्ज असलेल्या कंपन्यांना लागू. या कारखान्यात मॅडमच्या पाठीशी उभं राहायला फक्त मॅडमच होत्या.

माल परत घ्यायची जबाबदारी ब्रँडवाल्यांशी बोलून वाटून घेतली. माल परत घेण्याचे धोक्यानुसार वर्ग असतात; हा दुसरा वर्ग, म्हणजे दहा दिवसांची मुदत. स्टॉकिस्टकडचा माल पटकन आला, किरकोळ दुकानांतला निम्माच. बाकीचा विकला जाऊन पोरांच्या पोटात गेला होता. त्याला परत बोलावणारं कुठलंच परिपत्रक नाही.

एफडीएची तपासणी झाली, कारणे दाखवा नोटीस आली, पेनिसिलिन इमारतीचा परवाना काही दिवस निलंबित राहिला. ब्रँडवाल्यांनी ते सिरप काढून दुसऱ्या राज्यातल्या कारखान्याला दिलं. बाकीचं काम ठेवलं, हे भाऊंना अनपेक्षित होतं. खटल्याची फाइल अजून उघडी आहे. मेडिकलवाल्याचं नाव तिच्यात साक्षीदार म्हणून आहे.

नव्या मोजणीत काय निघालं

जानेवारीत गोदामाचं मॅपिंग केलं. नऊ डेटा लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवणारी यंत्रं, रॅकच्या खाली, मध्ये आणि वर, आठवडाभर. थंडीचे दिवस असूनही पश्चिमेच्या भिंतीलगत सगळ्यात वरच्या रॅकवर आणि एसीच्या तोंडाशी टांगलेल्या जुन्या यंत्राजवळ सहा अंशांचा फरक निघाला. म्हणजे ते ३८.७ गोदामातल्या सगळ्यात गार कोपऱ्याचं होतं. वरच्या रॅकचं मे महिन्यात काय झालं असेल ते कागदावर मांडायचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला. सरासरी तापमान काढताना उष्णतेला जास्त वजन देणारी रीत असते, एमकेटी म्हणतात तिला, पण तिला खरे आकडे लागतात.

यंत्र आता त्या वरच्या रॅकवर आहे. एसी जनरेटरवर आले. रजिस्टर नव्यानं छापलं. माथ्यावरची मर्यादा काढली, शेजारी ‘कारण’ आणि ‘कुणाला कळवले, किती वाजता’ असे दोन रकाने घातले. पोराला काढलं नाही. भाऊंना काढायचा होता, पण मेमोचं वाक्य पत्रात गेल्यावर ते जमण्यासारखं राहिलं नाही.

एप्रिल २०२५ मध्ये एका दुपारी मी मॅडमच्या केबिनमध्ये होतो. स्टोअरमधून इंटरकॉम आला. त्यांनी स्पीकरवर टाकला.

“मॅडम, वरच्या रॅकला सत्तावीस पॉइंट तीन आहे. लिहू?”

“लिही.”

“कारणाच्या रकान्यात काय लिहू?”

“काय झालंय?”

“दोन नंबरचा एसी गार करत नाही.”

“मग तेच लिही.”

थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग पोरगा म्हणाला, “मॅडम, हे मी परवाच परचेसला सांगितलं होतं. तेही लिहू का?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग भाऊंच्या केबिनच्या दाराकडे.

“तारखेसकट लिही,” त्या म्हणाल्या.